सारवणातलं पाऊल

ओल्या सारवणावर पाऊल पडलं आणि तसंच वाळलं, तर ते कसं दिसतं, पाहिलंय का तुम्ही?

मी पाहिलंय. रांजणगावला जाताना कंपनीच्या बसमध्ये आम्ही बायका बोलायला लागलो की एकीचं ऐकून दुसरीला आठवतं, आणि स्टॉप आला तरी गोष्टी सरत नाहीत. माझ्या तोंडून मात्र फिरून फिरून कारगिलच्या लढाईच्या वेळचा केंदूरचा आमचा बोळच निघतो.

मी तेव्हा पाचवीत होते. बोळातून लढाईवर एकच जण गेला होता, हौसाकाकूंचा संपतदादा. सुट्टीवर आला आणि तिसऱ्याच दिवशी तार, ताबडतोब हजर व्हा! काकूंनी नुकतंच घर सारवलं होतं. देवाच्या पाया पडून दादा ओल्यातूनच निघाला. उंबऱ्याच्या आत त्याच्या डाव्या पायाचा ठसा राहिला, बोटं दाराकडे. मागच्या सुट्टीत लाकडं फोडताना कुऱ्हाडीनं करंगळी गेलेली, म्हणून चारच बोटं.

काकू म्हणाल्या, "आता त्यो घरी आला की मगच सारवीन."

*

टीव्ही शौकतचाचांकडे. ते कपडे शिवायचे, त्यांची सलमा माझी मैत्रीण. संध्याकाळी बातम्यांना सगळा बोळ तिथं. एकदा पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या.

"राहू द्या भावजी," काकू म्हणाल्या. "तिकडं बर्फ पडतोय."

"वहिनी, अँटेना हललाय!"

"हलू द्या. त्यात कुणीतरी चालतंय."

आम्ही सगळे वाकून बघत बसलो. त्या दिवशी अँटेनाला कुणीच हात लावला नाही.

*

आम्ही पोरं लढाई-लढाई खेळायचो. मेलेल्यानं कुणी हाक मारेपर्यंत उठायचं नाही, असा नियम. एकदा सलमा काकूंच्या दारात मेली. काकू धावत आल्या आणि तिला दंडाला धरून उभं केलं.

"माझ्या दारात न्हाई गं बाई!"

तो खेळ तिथंच बंद पडला.

*

दौंडला माझी मावशी राहते. तिच्याबरोबर स्टेशनवर गेले होते, तेव्हा मिलिटरीची गाडी न थांबता निघून गेली. जवानांनी खिडक्यांतून पत्रं टाकली, कुणीतरी पेटीत टाकावीत म्हणून. आम्ही वेचली. एकावर पत्ताच नव्हता! वर फक्त 'आईस' लिहिलेलं.

मी ते काकूंना आणून दिलं. त्यांनी ते न फोडताच देव्हाऱ्यात ठेवलं.

"काकू, वाचा की!"

"माझं नसलं तर?"

*

पोस्टमनमामांनी काकूंना सांगून ठेवलं होतं, "दादाचं पत्र असलं की बोळाच्या तोंडापासनं घंटी वाजवत येईन. घंटी न्हाई वाजली तर..."

एके दिवशी मामांची सायकल गपगार आत आली. बायका जागच्या जागी थिजल्या. काकूंच्या हातातली कळशी पडली.

"अवं, पत्र हाय, पत्र!" मामा ओरडले. "घंटी वाटंत पडली!"

"मग तोंडानं वाजवायची ना!" शौकतचाचा इतके चिडले की सगळा बोळ हसायला लागला. काकू हसता हसता रडल्या. मामांनी त्याच दिवशी शिक्रापूरहून नवी घंटी आणून बसवली. चांगली मोठ्या आवाजाची!

*

आखाड लागला. सगळ्यांची घरं दोनदा सारवून झाली, काकूंच्या जमिनीला भेगा पडल्या. ठसा मात्र तसाच.

एका दुपारी मी आणि सलमा काकूंकडे पीठ द्यायला गेलो. ठशाच्या शेजारी दुसरा ठसा होता. बोटं घराकडे. मोजली, चारच. सगळी जमीन कोरडी ठणठणीत, तेवढाच ओला.

"काकू, दादा आला?" सलमानं विचारलं.

काकू बाहेर आल्या. खाली बसल्या, त्यावर तळहात ठेवला.

"लई गार हाय गं," एवढंच म्हणाल्या, आणि गोठ्याकडे शेण आणायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमनमामा घंटी न वाजवता, सायकल हातात धरून बोळात आले, तेव्हा काकूंचं सगळं घर सारवून झालं होतं.