चावडीपुढची लढाई

आम्ही कॉलेजच्या मुलांनी लोहगडावर तलवारबाजीचा मूकपट काढला. त्याची दवंडी मावळभर द्यायला एक हलगीवाला धरला. एरवी तो मान खाली घालूनच बोलायचा. चावडीपुढे मात्र हलगीच्या काडीची तलवार करून अख्खी लढाई एकटा लढायचा, शेवटी धुळीत पडून मरायचासुद्धा.

खेळाच्या संध्याकाळी लोणावळ्यातला आमचा तंबू रिकामाच राहिला. बाहेरून जाणाऱ्या एका आबांना बोलावलं, तर म्हणाले, "काल बगितला की चावडीवर. लय झ्याक मेला!"

हलगीवाल्याला हे माझ्याच्याने सांगवलं नाही. "येतील लोक," एवढंच म्हणालो.

"व्हय, येत्यालच की," म्हणत तो कडेला अंग चोरून बसला. "मधी जागा ऱ्हाऊ द्या."

पडद्यावरची शेवटची तलवार पडली, तेव्हाही सगळी सतरंजी मोकळी होती आणि तो कडेच्या मातीवर.