नाहूरचा पाऊस

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. पण तुम्ही विचारलंत, चहाही पुढे ठेवलात, आणि माझ्या पोटात ही गोष्ट आता मावत नाही. फक्त शेजारी आमच्या बिल्डिंगमध्ये बोलू नका. आणि कर्णिक सरांपर्यंत तर मुळीच जाऊ देऊ नका.

माझे बाबा अंधेरीच्या एका सरकारी कचेरीत आहेत. तिथे कॉम्प्युटर आहे. त्याची खोली इतकी गार असते की शिपाईसुद्धा मे महिन्यात स्वेटर घालून बसतो, आणि आत जाताना देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागतात. त्या कॉम्प्युटरने उपनगरांचा नकाशा काढावा आणि त्यावर पाऊस, वारा, धूर, सगळं आपोआप दाखवावं, अशी व्यवस्था बाबा आखत होते. रंग वगैरे काही नाही हं! कागदावर नुसती टाइप केलेली चिन्हं. कोरडं असेल तिथे टिंब, थोडा पाऊस तिथे अधिकचं चिन्ह, आणि मुसळधार तिथे फुल्या. लांबून बघितलं की खरंच बोरिवली, अंधेरी, खारदांडा दिसायला लागतात. मला तर ती जादूच वाटे.

पण या जादूला रोज आकडे लागत. बोरिवलीला एक निवृत्त मास्तर पाऊस मोजत, वाकोल्याला एका शाळेत मोजत, घाटकोपरला एका कॉलेजात. मधे आमच्या नाहूरच्या बाजूला कुणीच नव्हतं. बाबा म्हणाले, "मधल्या जागा मशीन अंदाजाने भरतं. आजूबाजूचे आकडे बघतं आणि ठरवतं. म्हणून नाहूरला एक माणूस हवा."

माणूस म्हणजे मी.

बाबांनी आमच्या गच्चीच्या अगदी मधोमध पर्जन्यमापक ठेवलं. वर नरसाळं, आत बाटली. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी बाटलीतलं पाणी मापाच्या नळीत ओतायचं आणि आकडा लिहायचा. "एकच नियम," बाबा म्हणाले. "जे असेल तेच लिहायचं. स्वतःची अक्कल लावायची नाही."

हा नियम मी कसा पाळला ते पुढे कळेलच.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चारचौघांत मला नाव विचारलं तरी घाम फुटतो. आणि गच्चीच्या मधोमध नळी डोळ्यांसमोर धरून उभं राहायचं, तेही समोरच्या चाळीतली मुलं कठड्यावर दात घासत असताना!

"ओ वेधशाळा! आज छत्री नेऊ का नको?"

"अरे हळू बोल ना यार, पाऊस घाबरून जाईल!"

चौथ्या दिवशी मी ते मापक उचललं आणि पाण्याच्या टाकीमागे ठेवलं. तिथे मी कुणाला दिसत नसे. जागा थंड, शांत, सावलीची. बाबांना सांगायचं राहिलं. म्हणजे, धीर झाला नाही.

पावसाळाभर माझं काम चोख चाललं. नाहूरचा आकडा नेहमी शेजाऱ्यांपेक्षा थोडा जास्त येई. बाबांचे साहेब, कर्णिक सर, नकाशा बघून हरखले. नाहूरवर फुल्यांचा गडद ठिपका, आणि त्याच्या भोवती मशीनने अंदाजाने भिजवलेलं मुलुंड आणि भांडुप!

"टेकड्या!" सर म्हणाले. "मागच्या टेकड्यांना ढग अडतात आणि तिथेच रिकामे होतात. हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

मग सरांनी त्यावर निबंध लिहिला. एका सभेत वाचला. टाळ्या पडल्या म्हणे. बाबा घरी येऊन म्हणाले, "तुझ्या आकड्यांवर केवढं काम उभं राहिलं बघ!" मी लाजून आत गेले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

पावसाळा संपला. दसरा झाला, दिवाळी झाली. पावसाळ्यानंतर नकाशा रोज छापत नसत, पण मी आकडे लिहीत होते, आणि बाटलीत पाणी येतच राहिलं. मला नवल वाटलं नाही असं नाही. पण मी पहाटे झोपलेली असते. वर जाते तेव्हा टाकीमागची फरशी ओलीच असते. म्हणजे पाऊस पडून गेला! आणि अक्कल लावायची नाही, असा नियम होता ना?

दिवाळीनंतर दिल्लीहून मोठे साहेब तपासणीला येणार, असं कळलं. त्यांना व्यवस्था पटली तर ती कायम होणार. नाही पटली तर कॉम्प्युटर दुसऱ्या खात्याला जाणार आणि बाबांची नागपूरला बदली. आईने माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढून पुसून ठेवली. बाबा ट्रंकेकडे बघत आणि जेवता जेवता थांबत.

कर्णिक सरांनी मलाही बोलावलं. "आदर्श निरीक्षक म्हणून दाखवू," म्हणाले. मी शाळेचा इस्त्रीचा युनिफॉर्म घातला, दोन वेण्या, रिबिनी, आणि अनवाणी त्या गार खोलीत उभी राहिले.

मशीन खडखडलं. कागद बाहेर आला. पश्चिमेला टिंबं, बोरिवलीला टिंबं, घाटकोपरला टिंबं. आणि नाहूरवर फुल्या. काळ्याकुट्ट. मुलुंड वाहून गेलेलं.

सगळ्यांच्या माना कागदावर वाकल्या.

"परतीचा पाऊस," कर्णिक सर हळूच म्हणाले. "टेकड्यांमुळे..."

दिल्लीचे साहेब आपलेच, मराठी निघाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी परवापासून मुलुंडला बहिणीकडे उतरलोय," ते म्हणाले. "तिने गच्चीवर गाद्या उन्हात घातल्या आहेत."

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते मशीनकडे बघत होते. त्यांना वाटलं, आपलीच आखणी चुकली.

"निरीक्षक कोण?" साहेबांनी विचारलं.

सरांनी मला पुढे केलं.

"बाळ, आज नाहूरला पाऊस पडला?"

"हो."

"तू पाहिलास?"

"नाही."

"मग?"

"मोजला."

साहेबांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "चला, गच्ची बघू."

जीपमधून सगळे नाहूरला आलो. कुणी हसलं नाही. प्रेतयात्रेला निघाल्यासारखे जिने चढलो. मी टाकीमागे नेलं आणि बोट दाखवलं. बाबा म्हणाले, "अगं, मी तर मधोमध ठेवलं होतं!" मी खाली बघितलं. तेवढ्यात कपड्यांची बादली घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू वर आल्या. काकू मालवणच्या. एवढी गर्दी बघून आधी पदर सावरला, मग माझ्यावर घसरल्या.

"काय गो शुभदा, ह्यो डबो तुझो? रोज पहाटे पंप चालू रवता, टाकी भरान व्हावता, आणि सगळा पाणी ह्येच्यातच पडता! माका वाटला, तुका कायतरी व्रत आसा!"

साहेबांनी मान वर केली. मापकाच्या बरोब्बर वर टाकीचा जादा पाण्याचा पाइप होता. त्याच्या टोकाला एक थेंब लटकत होता. तो आमच्या सगळ्यांच्या देखत नरसाळ्यात पडला.

कर्णिक सर कठड्याकडे गेले आणि टेकड्यांकडे पाठ करून उभे राहिले.

मला वाटलं, आता नागपूर. पण साहेब बाबांना म्हणाले, "तुमचं मशीन बरोबर आहे. जे सांगितलं ते इमानाने छापतंय. त्याला फक्त संशय घ्यायला शिकवा. शेजारी कोरडे आणि एकटाच भिजतोय, असं दिसलं की त्याने ओरडलं पाहिजे." एवढं जमलं तर व्यवस्था कायम, म्हणाले.

बाबांनी ते जमवलं. ट्रंक परत माळ्यावर गेली. आता खोटा वाटणारा आकडा आला की मशीन त्या जागी एक शब्द छापतं आणि थांबतं. तो शब्द कोणता ठेवला असेल? बाबांच्या ऑफिसात हल्ली सर्रास म्हणतात, "आज वाकोल्याला शुभदा झाली," "खारदांड्याला शुभदा झाली, जरा बघून या."

मापक परत गच्चीच्या मधोमध आलं आहे. मुलं ओरडतात, ओरडू देत. मी आता डगमगत नाही. म्हणूनच काल बाबा घरी येऊन "नाहूरला पुन्हा शुभदा झाली" म्हणाले, तेव्हा मी ठासून सांगितलं की शक्यच नाही! मापक उघड्यावर आहे, वर आभाळाशिवाय काही नाही. फक्त सावंतकाकूंनी तिथून एक दोरी बांधली आहे आणि धुतलेल्या गोधड्या...

"शुभदाऽऽ! अगं, बाबा आलेत. बरोबर कर्णिक सर आहेत. गच्चीची किल्ली कुठेय?"

आई आमच्या खिडकीतून हाक मारतेय. आले गं आई! तर सांगत काय होते, त्या गोधड्या ओल्या असताना वाळत घालायला मीच काकूंना मदत क—