जबड्याचं ठिबक

माझ्या खालच्या जबड्यात एक स्क्रू आहे आणि घरात माझ्या शब्दापेक्षा तो जास्त पक्का आहे.

बीडच्या डॉक्टरांनी पडलेल्या दाढेच्या जागी तो बसवला तेव्हा मी विचारलं, "हा धरतो कशानं? सिमेंटनं?"

"तुमच्याच हाडानं! भोवती नवं हाड भरून येतं. पण तिथं रक्त पोचलं पाहिजे. रक्त न्हाई, तर हाड न्हाई."

मी चौसाळ्याचा मोसंबीवाला. झाडांना पाणी पोचवण्यातच माझी हयात गेली. (शिवाय कडा गावच्या मेव्हण्याला सांगून बसलो होतो, यंदा तुझ्या फडातला ऊस दातानं सोलून खाणार! स्क्रू निघाला असता तर सासरवाडीत तोंड दाखवायला जागा नव्हती.) घरी येईपर्यंत डोक्यात एकच विचार: पाणी उताराला लागतं, मग रक्त का नाही?

बाजेच्या पायाकडच्या खुरांखाली विटा रचल्या आणि डोकं खाली करून पडलो. बायको, सुनंदा, बाहेर आली.

"अवो, असं उलटं कावून झोपलाव?"

"जबड्याला रक्त सोडलंय."

"मग बंद कवा करायचं?"

हे मला सुचलंच नव्हतं! तासाभरात गाल भाकरीसारखा टम्म फुगला, टाक्यांतून रक्त यायला लागलं. शेजारी बघायला जमले. एकानं तर हा इलाज गुडघ्याला चालतो का, तेही विचारलं.

सुनंदानं मला तसंच बीडला नेलं. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "रक्त पोचवायला हृदय हाय की! तुमी फक्त नळ्या आवळू देऊ नका. तंबाखूनं त्या आवळतात. खाता का?"

"लई जपतो, साहेब! स्क्रूच्या बाजूला ठिवतच न्हाई. दुसऱ्या गालात असती."

"ठिबकच्या टाकीत विष कालवलं, तर ते एकाच झाडाला जातं का?"

सुनंदानं माझी तंबाखूची डबी तिथंच जप्त केली.

काही महिन्यांनी हाड धरलं, वर नवी दाढ बसली. कड्याला सगळ्या सासरवाडीसमोर त्या दाढेनं ऊस फोडला. काय वाहवा झाली! हुरूप येऊन दुसरं कांडं जुन्या दाढांच्या बाजूनं धरलं. कट्!

सुनंदा पांढरीफटक. "स्क्रू निघाला का काय?"

स्क्रू जागच्या जागी होता. वर्षानुवर्षं तंबाखूशेजारी राहिलेली माझी स्वतःची दाढ उसात अडकली होती.

मेव्हण्यानं ती निरखून बघितली. "दाजी, आता बाज आणू का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, क्षणभर मी त्यांच्या अंगणात विटा शोधत होतो!