एका पायावरचे अभिप्राय

बडोद्यात हरणीला राहणाऱ्या जयवंतराव खानविलकरांनी एकतीस वर्षे एका विमा कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे काढली. आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात मोठे अधिकारी, वडील मुख्याध्यापक, आणि जयवंतराव खिडकीत. पण त्या खिडकीने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. तक्रारवहीत माणसे खरे लिहीत नाहीत, कारण खाली सही करावी लागते. खरे ती पाठ वळवताना बोलतात. आणि दुसरी गोष्ट, खिडकीतल्या माणसाचा चेहरा कोणी पाहत नाही.

असे हे जयवंतराव वयाच्या बहात्तराव्या वर्षी सिनेमात नायक झाले.

सिनेमा त्यांच्या बहिणीच्या नातीचा, नीराचा. सगळाच मामला बेताच्या खर्चाचा: कॅमेरा मित्राचा, घर जयवंतरावांचे, चहापोहे त्यांच्या पत्नीचे, आनंदीबाईंचे, आणि नायकही घरातलाच. गोष्ट एका विधुराची. त्याच्या तोंडी एकूण अकरा वाक्ये. मध्ये एक प्रसंग असा, की म्हातारा स्वयंपाकघरात एकटा बसून सलग चार मिनिटे लसूण सोलतो. हा प्रसंग आनंदीबाई नवसारीला बहिणीकडे गेल्या असताना घेतला. परत आल्यावर त्यांनी एवढेच विचारले होते, "डब्यातला दोन किलो लसूण कुठे गेला?" तेव्हा जयवंतरावांनी वर्तमानपत्र वर धरले होते.

आता नीराने दुसरा सिनेमा लिहिला होता. त्यातही तिला आजोबाच हवे होते, आणि या वेळी वाक्ये बरीच होती. रविवारी पहिल्या सिनेमाचा खेळ झाला की हो किंवा नाही सांगा, असे तिने बजावले होते. जयवंतरावांना मात्र एकच टोचणी लागून राहिली होती. पोरीने आपल्याला घेतले ते आपल्याला जमते म्हणून, की आपण फुकट मिळतो म्हणून? नीराला विचारावे तर ती म्हणणार, "आजोबा, तुम्ही भारी आहात." आनंदीबाईंना विचारण्यात अर्थच नव्हता. त्यांच्याकडे शेहेचाळीस वर्षे कौतुकाचा एकच शब्द होता, "बरं आहे." श्रीखंडाला तोच, जावयाला तोच, हरणीच्या नव्या घरालाही तोच.

उत्तरायणानंतरचा रविवार होता. तारांवर अजून पतंगांचे दोरे लोंबत होते. दांडिया बाजारातल्या एका ट्रस्टच्या हॉलमध्ये पाच वाजता खेळ लागला. हॉलच्या नियमाप्रमाणे पायताणे बाहेर. तिथे जनार्दन नावाचा राखणदार पत्र्याचे बिल्ले देऊन चपला ठेवून घेई. दहा पावलांवर टेबल, आणि टेबलावर कोरी करकरीत अभिप्रायवही.

जयवंतरावांनी घरी सांगितले होते की पोट बिघडले आहे, तुम्ही पुढे व्हा. सिनेमा संपायला दहा मिनिटे असताना ते कानटोपी चढवून जनार्दनसमोर उभे राहिले.

"जा, शेवट बघून ये. चांगला आहे. चपला मी बघतो. मग निवांत चहाही पिऊन ये."

जनार्दन गेला आणि जयवंतराव त्याच्या स्टुलावर बसले. सिनेमात त्यांना दाढी होती आणि कवळी नव्हती. आता कवळी होती आणि दाढी नव्हती. पण त्यांची भिस्त त्यावर नव्हतीच. खिडकीतला माणूस काय आणि चपलांजवळचा काय, बघतो कोण?

पहिले आले ट्रस्टचे फत्तेसिंहराव, पत्नीसह. त्यांनी वहीत मोठ्याने उच्चारत लिहिले, "बडोद्याच्या कलापरंपरेत मानाचा तुरा!" खाली लांबलचक सही ठोकली आणि बिल्ला पुढे केला. जयवंतरावांनी एकच चप्पल पुढे ठेवली आणि दुसरी शोधू लागले. एका पायावर उभा राहिलेला माणूस खोटे बोलू शकत नाही. त्याचे सगळे लक्ष तोल सांभाळण्यात असते.

"झोप मात्र झकास झाली," फत्तेसिंहराव पत्नीला म्हणाले.

"झकास! घोरत होतात. पुढच्या रांगेतल्या बाईंना वाटलं, सिनेमातलाच आवाज आहे."

मग सोसायटीतले गुणवंतभाई आले. वहीत त्यांनी 'हृदयस्पर्शी' लिहिले होते. एका पायावर ते म्हणाले, "सरस छे. पण हीरो थोडो जुवान लेवो जोइतो हतो."

तरुण हीरो हवा होता काय? जयवंतरावांनी त्यांचे बूट मुद्दाम उलटसुलट ठेवले.

दोन कॉलेजच्या मुली आल्या. एक म्हणाली, "स्लो आहे यार. पण ते काका? ॲक्टिंग करतच नाहीत."

जयवंतरावांच्या हातातली सँडल हवेतच राहिली. "म्हणजे चांगलं का वाईट?"

"म्हणजे... घरी तसेच असतील ना ते. फक्त कॅमेरा लावला."

सँडल खाली आली, आणि जयवंतरावांचे मनही. म्हणजे घर, पोहे आणि नायक, सगळे एकाच भावाचे.

त्यावर मीठ चोळायला जिजाबाई नावाच्या एक बाई आल्या. "लसूण देठाकडून सोलतात! हा बाबा टोकाकडून नखं रुतवतोय. जन्मात स्वयंपाकघरात शिरला नसेल."

"तुमची दुसरी सापडत नाही," जयवंतराव गंभीरपणे म्हणाले आणि जिजाबाईंची चप्पल त्यांनी टाचेने स्टुलाखाली सरकवली. "बाकावर बसा. शोधतो."

ते नीराला 'नाही' सांगायचे शब्द मनात जुळवत असतानाच समोर एक बिल्ला आला. तो धरलेल्या हातातल्या बांगड्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी मान आणखी खाली घातली आणि एक चप्पल पुढे ठेवली.

"काय हो चप्पलवाले," आनंदीबाई म्हणाल्या, "सिनेमा पाहिलात का?"

मान नकारार्थी हलली.

"पाहायचा होतात. आमचे हे आहेत त्यात. पोट बिघडलं म्हणून घरी निजलेत."

"काम कसं केलंय?" जयवंतरावांनी घोगऱ्या आवाजात विचारले.

"शेहेचाळीस वर्षांत त्यांना कधी लसूण सोलताना पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. तेही मी मेल्यावर!"

जयवंतरावांनी दुसरी चप्पल घट्ट धरली.

"माझ्यामागे दोन मुली बसल्या होत्या. म्हणे, घरी असेच असतील. कुठलं! घरी हा माणूस स्वतःचा पाण्याचा पेला उचलत नाही. म्हणजे पडद्यावर केलं तो सगळा अभिनयच की." त्यांनी भिंतीला हात टेकला. आवाज जरा उतरला. "आणि सोलून झाल्यावर वाटीकडे बघतात ना, एवढा लसूण आता कोणासाठी म्हणून... तेव्हा वाटलं, उठावं, पडद्यात शिरावं आणि फोडणी टाकावी."

 स्टुलावरून खाली वाकून जयवंतरावांनी दुसरी चप्पल आनंदीबाईंच्या पायाशी नीट सरळ ठेवली.

"आणि टोपी काढून द्या घरी गेल्यावर. उजवीकडचे टाके सुटलेत. मीच विणलीय, मला कळत नाही होय?"

एवढे बोलून त्या टेबलाकडे गेल्या, वहीत काहीतरी लिहिले आणि पेन जागच्या जागी ठेवले.

तेवढ्यात नीरा वही छातीशी धरून धावत आली. "आजोबा, तुम्ही इथे? पोट?"

"थांबलं."

"हे बघा ना. सगळ्यांनी अप्रतिम लिहिलंय, आणि आजीनं फक्त 'बरं आहे'! शेवटी पूर्णविरामसुद्धा दिलाय."

"ते पान जपून ठेव," जयवंतराव म्हणाले. "आणि दुसऱ्या सिनेमाची तारीख सांग. मी येतोय."

"येतील," आनंदीबाई म्हणाल्या. "पण त्यात म्हातारा रोज भांडी घासतो, असं लिही. आणि तालीम घरीच, माझ्यासमोर. शिवाय या खेपेला मला जिवंत ठेव."

"अहो चप्पलवाले!" बाकावरून जिजाबाई ओरडल्या. "सापडली का माझी?"

जयवंतरावांनी स्टुलाखालची चप्पल काढली, कानटोपी उतरवली, आणि जिजाबाईंसमोर जाऊन ती अदबीने ठेवली.

"सापडली. आणि बाई, देठाकडून ना? पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

जिजाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. चप्पल समोर होती, तरी बराच वेळ त्यांनी पाय काही खाली टेकला नाही.