एक सूत आखूड

थोरल्या सुताराचा रंधा बत्तीस वर्षं फळीवर नुसता पडून होता. त्याची कथा अशी.

प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथ ठेवायला त्याने एक मेज घडवलं होतं. आरशासारखं. गुरुजींनी मंत्र म्हणून त्यावर पाणी शिंपडलं, मेज पवित्र झालं. तेवढ्यात कोपऱ्यात चिकटलेला भुसा सुताराला दिसला आणि सवयीने त्याचं बोट पुढे गेलं. गुरुजींनी भर सभेत त्याच्या हातावर चापट मारली.

"हात काढ. आता ते तुझं नाही."

लोक हसले. सुतार घरी आला, रंधा फळीवर ठेवला तो कायमचा. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. रंधा त्याने दुसरा घेतला, पण ते हसू मात्र जपून ठेवलं.

यंदा त्या मेजाला वाळवी लागली. गुरुजी आता पिकले होते. त्यांनी मुलाला बोलावून घेतलं. "बापाच्या तोडीचं कर हो."

"त्याहून सरस करतो, गुरुजी."

त्याने दोन महिने राबून मेज केलं. चारांपैकी एक पाय तेवढा आखूड ठेवला. सोहळ्याच्या सकाळी त्याखाली पातळ ढलपी सरकवली. गुरुजींनी पाण्याचं भांडं उचललं तेव्हा तो पाय पुसायला म्हणून वाकला आणि ढलपी मुठीत घेऊन मागे सरला.

पाणी पडलं. ग्रंथ ठेवला. गुरुजींनी हात टेकला.

टक.

हात उचलला. टक. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं.

"अरे सुतारा, रंधा आण जरा," गुरुजी हळूच म्हणाले.

तो जागचा हलला नाही. "कसा आणू, गुरुजी? आता ते माझं नाही." आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल याची त्याने काळजी घेतली होती.

गुरुजींचा चेहरा उतरला. नियम त्यांचाच होता. पवित्र झालेल्या वस्तूला ना हत्यार लावायचं, ना टेकू द्यायचा. तेव्हापासून ते मेजाला गुडघा लावून प्रवचन करतात. सुतार एकही प्रवचन चुकवत नाही. बायको विचारते, "तुम्ही कधीपासून एवढे भाविक झालात?"

त्या दिवशी घरी आल्यावर त्याने बापाला सगळं सांगितलं.

"किती आखूड ठेवलास?"

"एक सूत, बाबा."

म्हाताऱ्याने फळीवरचा रंधा मागून घेतला आणि त्याच्या पात्यावरचा गंज अंगठ्याने चाचपला.

"दोन ठेवायचास."