मावशीच्या घरातली परकी शिडी

माझी मावशी आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान सांभाळत आली. स्टेशनवरच्या सामानघरात तिची नोकरी होती. लोक तिच्या खिडकीत बॅगा ठेवायचे, वळकट्या ठेवायचे, कोणी शिलाई मशीन ठेवलं, एकाने तर पिंजऱ्यासकट पोपट ठेवला. ती सामानाला एक पितळी बिल्ला बांधायची आणि त्याच नंबरचा दुसरा बिल्ला माणसाच्या हातात द्यायची. बिल्ला दाखवा, सामान घ्या. बिल्ला हरवला असेल तर काय काय ठेवलं होतं ते सांगा, जुळलं तर घ्या. एवढ्या भांडवलावर तिने सगळी नोकरी निभावली. स्टेशनवर तिला बिल्लाबाईच म्हणत. आपल्या हातून कुणाचा रुमालसुद्धा गहाळ झाला नाही, असं ती सांगायची, आणि त्याच्या पाठोपाठ हे यायचंच, की सामान ठेवून गेलेला माणूस परत येतो. उशीर करेल, पण येतो.

लहानपणी मला हे ऐकायला फार आवडायचं. आता नुसतं आठवलं तरी डोकं तापतं. तसं माझं डोकं तापायला फार काही लागत नाही, असं घरातले म्हणतात. म्हणोत.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, बस चालवायचे. रुंदीचा अंदाज ही त्यांची एकुलती एक मिजास. बोळ दिसो, फाटक दिसो, नाहीतर दोन कपाटांमधली जागा दिसो, ते डोळे बारीक करून निकाल द्यायचे. एकतर "जाईल", नाहीतर "आरसा घासेल". माझा थोरला भाऊ चांगलाच सुटला होता. त्याला दारातून आत येताना पाहून काका एकदा "आरसा घासेल" म्हणाले, आणि तो जेवायला न थांबता निघून गेला होता.

नोकरी संपल्यावर काही वर्षांनी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. हॉस्पिटलमधून सोडलं ते चाकांच्या खुर्चीतच. मावशीचं घर तसं तळमजल्यावर, पण बाथरूमचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जायची नाही, आणि वर एक पायरी. म्हणून काकांना त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, मावशीच्या नणंदेकडे, ठेवलं. तिचं घर नवं, ऐसपैस, सगळं एका पातळीत. दार होईपर्यंत, असं ठरलं.

नणंद मायाळू होती, तिच्याबद्दल मी वाकडा शब्द काढणार नाही. पण काकांची अंघोळ तिच्या सुनेला घालावी लागायची, आणि तेवढा वेळ काका मान फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. बसभर माणसांना दरडावणारा माणूस तिथे पाणी मागायलाही लाजायचा. त्यांना घरी यायचं होतं, बाकी काही नको होतं. आणि ते घरी येणं एका दारावर अडलं होतं.

मावशीने कंत्राटदार गाठला. काम काही राजवाड्याचं नव्हतं. दार रुंद करायचं, पायरी काढून उतार द्यायचा, भिंतीला धरायला एक दांडा बसवायचा. कंत्राटदाराच्या तोंडात साखर. आल्या आल्या त्यानेही तिला मावशी केलं. म्हणाला, हे तर हातासरशी होईल. तोडफोड त्याने खरंच हातासरशी केली. चौकट उखडली, भिंत फोडली, पायरी खणून काढली, आणि जुनं दार "मोठं करून आणतो" म्हणत टेम्पोत टाकून नेलं. मग त्याची दुसरीकडे घाई सुरू झाली. निघताना त्याने पॅसेजमध्ये शिडी उभी केली, खाली घमेलं, त्यात थापी आणि ओळंबा ठेवला.

"सामान इथंच ठेवतो मावशी, म्हणजे तुम्हालाही खात्री," तो म्हणाला.

मावशीला एवढंच हवं होतं. निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून मिळालेल्या बिल्ल्यांमधली एक जोडी तिने काढली, एक बिल्ला शिडीला बांधला आणि दुसरा त्याला दिला. तो हसला आणि बिल्ला खिशात टाकून गेला.

त्यानंतर फोनवरची टोलवाटोलवी चालू झाली. कधी वाळू आली नाही, कधी गवंडी आजारी, कधी कुठे तरी स्लॅब पडायचा होता. नंतर तर तो फोन उचलेनासाच झाला. मावशीने बाथरूमच्या भगदाडावर जुनी चादर टांगली आणि वाट बघत बसली. वाट बघता बघता तिने काय करावं? शिडी पुसली. घमेलं घासलं. थापीला गंज चढू नये म्हणून तेलाचं बोट फिरवलं.

"त्याच्या थापीला तेल लावतेस, त्यापेक्षा त्याला चार शिव्या घाल," मी म्हटलं. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. सामान इथे आहे, मग तो जाईल कुठे?

शेवटी मीच दुसरा गवंडी शोधला. माझ्या ऑफिसच्या इमारतीत काम करणारा, वयस्कर, मोजकं बोलणारा. तो आला, चादर बाजूला करून त्याने पाहिलं आणि मान हलवली. काम सोपं होतं. मग त्याची नजर शिडीवर गेली. हे कुणाचं, असं त्याने विचारलं. मी सांगितलं तसा तो दोन पावलं मागे सरकला.

"आधी हे बाहेर जाऊ द्या, ताई. एकाचं सामान आत असताना दुसरा कामाला हात लावत नाही. आमच्यात तसं चालत नाही."

मी हुज्जत घातली, पण तो ढिम्म हलला नाही. वर त्याने जे सांगितलं त्याने माझ्या पायाखालची जमीन सरकली. कंत्राटदाराची ही रीतच होती. एकदम दहा घरी कामं घ्यायची, प्रत्येक घरी तोडफोड करायची आणि काही ना काही ठेवून यायचं, म्हणजे गिऱ्हाईक अडकून पडतं आणि दुसरा गवंडी पाऊल टाकत नाही. त्यासाठी तो भंगारातून मोडक्या शिड्या आणायचा. गवंडी शिडीच्या एका पायरीवर बोट ठेवून म्हणाला, "ही चढायची शिडी नाही. ही ठेवायची शिडी आहे."

मी लगेच शिडी उचलली. दाराबाहेर नेणार, तोच दुसऱ्या टोकाला ओढ बसली. मावशीने ती घट्ट धरली होती. आम्ही दोघी मावशी-भाची, मध्ये शिडी, आणि बघायला परका माणूस. आज ते आठवून हसू यायला हवं, पण येत नाही.

"मालक नसताना त्याचं सामान हलवायचं नाही," मावशी म्हणाली.

मी ओरडले. तिला म्हटलं, तो लबाड आहे, त्याने तुझा चांगुलपणा हेरला आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. असेल लबाड, म्हणाली, पण आयुष्यभर जे केलं नाही ते मी या वयात करायचं का? गवंडी अवघडून उभा होता. सामान हललं की बोलवा, असं सांगून तो निघून गेला. मी शिडी सोडली. मावशीने ती परत होती तिथे उभी केली आणि पदराने पुसली.

मग आम्ही दोघींनी कंत्राटदाराकडे खेटे घातले. एकदा तो एका नव्या बंगल्यावर सापडला. त्याने हात जोडले, खुर्च्या मागवल्या, परवा येतो म्हणून आईची शपथ घेतली. आला मात्र आठवड्याने, भगदाडाच्या एका कडेला गिलावा लावला आणि माल संपला म्हणून दुपारीच पसार झाला. तेवढ्यावरही मावशी खूश. कड सरळ धरली आहे, असं तिने मला फोन करून सांगितलं.

रोज दुपारी ती काकांकडे जायची, दोन बसा बदलून. एका रविवारी मीही गेले. काका खिडकीशी बसले होते, दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. मावशीने ती सोडून पुन्हा लावली. काकांनी मोठ्या प्रयासाने शब्द काढला, "दार?"

"होतंय," मावशी म्हणाली.

त्यांनी चांगला हात उचलून बोटांनी विचारलं, केवढं. मावशीने दोन्ही तळवे समोर धरले आणि हवेत दार दाखवलं. काकांनी डोळे बारीक केले. त्या तळव्यांमधल्या रिकाम्या जागेकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"जाईल," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो शेवटचा शब्द. पुढे त्यांची छाती भरली, हॉस्पिटल झालं, आणि ते गेले. त्यांना घरी आणलंच नाही. नणंदेकडूनच नेलं. घरी आणायला तेव्हा दार रुंद असायची गरज नव्हती, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा उशीर झाला होता.

त्यानंतर मी मावशीकडे राहायला गेले. ती पॅसेजमध्ये स्टूल टाकून त्या चादरीसमोर बसायची. शिडीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. माझ्यासारखीने जीभ आवरायची म्हणजे केवढं, ते मला माहीत. तिनेच एकदा विषय काढला.

"त्या दिवशी तू ओढत होतीस, तेव्हा मी सोडायला हवी होती."

नाही म्हणावं तर ते खोटं झालं असतं, आणि हो म्हणायची माझी छाती नव्हती. मी उठून चहा टाकला.

काही आठवड्यांनी, एका सकाळी, कंत्राटदार दारात उभा. इतक्या दिवसांनी त्याला आमची आठवण कशी आली असेल? त्याची चांगली शिडी कामावर मोडली होती आणि निदान दोन दिवस ढकलायला ही नेऊ म्हणून तो आला होता. काका गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीने मला हाताने थांबवलं.

"बिल्ला?" तिने विचारलं.

तो गोंधळला. मग त्याला आठवलं, त्याने खिसे चाचपले, हसला. कुठे तरी पडला असेल, म्हणाला.

"मग काय ठरलं होतं ते सांगा."

तो म्हणाला, एक शिडी, एक घमेलं, थापी, ओळंबा. मावशीने नकारार्थी मान हलवली. सामानाचं मी विचारत नाही, म्हणाली, या घरात काय काम करायचं ठरलं होतं, ते सांगा.

कंत्राटदाराने चादरीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मी त्याचा चेहरा नीट बघत होते. तो आठवत होता, खरोखर आठवत होता, आणि त्याला आठवत नव्हतं.

"टाइल्स बदलायच्या होत्या ना, मावशी?"

मला वाटलं, आता ही रडेल, किंवा घमेलं उचलून त्याच्या डोक्यात घालेल, आणि मी तिला अडवणार नव्हते.

"दार रुंद करायचं होतं," मावशी म्हणाली. "यांची खुर्ची जावी म्हणून. आता खुर्ची नाही. दार पूर्वी होतं तेवढं करून द्या. तोवर शिडी मिळणार नाही."

पहिल्यांदाच तिने कुणाचं सामान अडवलं. कंत्राटदार काही तरी पुटपुटला, माहीत नव्हतं, वाईट झालं, वगैरे. मग त्याने गवंडी बोलावला. तो खाली मान घालून स्वतःही राबला. भगदाडात विटा चढल्या, आत पायरी पुन्हा बांधली गेली. त्याच्या गोदामात धूळ खात पडलेलं जुनं दार चौकटीसकट परत आलं. ते मोठं केलेलं नव्हतंच, त्यामुळे चौकटीत बरोबर बसलं. गिलावा वाळला, कड्या लागल्या, फरशी पुसूनही दिली.

मावशीने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. कुठे घासत नव्हतं. तिने शिडीचा बिल्ला सोडून घेतला, थापी फडक्यात गुंडाळून घमेल्यात ठेवली आणि सगळं त्याच्या हवाली केलं. तो गेल्यावर तिने त्या दारात उभं राहून दोन्ही तळवे समोर धरले, काकांना दाखवले होते तेवढ्याच अंतरावर, आणि तसेच पुढे नेले. ते चौकटीला अडले.