तीन बादल्या

पाहणीला जाण्याआधी आठ दिवस पत्र पाठवायचं, हा नियम माझाच. काय बघणार, कोणाशी बोलणार, सगळं कळवायचं. न कळवता गेलं तर पाड्यावर कुलपं. माणसं गोदामात नाहीतर शेतावर मजुरीला गेलेली. भिवंडीच्या ऑफिसात नव्या लोकांना मी हे मोठ्या तोऱ्यात शिकवायची.

पडघ्याहून आत एका आदिवासी पाड्यावर आमच्या संस्थेने सौरपंप बसवला होता. विहिरीतलं पाणी टाकीत, टाकीतून नळाला. तो चालतो का, हे बघून मला फॉर्म भरायचा होता.

नारळ, फुलं, चहा झाला. मी नळ सोडला, पाणी आलं. बादली किती वेळात भरते ते मोजायचं, ओतायची, पुन्हा भरायची. असं तीनदा, म्हणजे सरासरी निघते. घड्याळात बघत मी तीन बादल्या जमिनीवर ओतल्या. बायका ओळीने उभ्या होत्या, कोणी बोलेना. मला वाटलं, लाजतायत. अक्कल गहाण ठेवली की असंच वाटतं.

मग म्हटलं, आता पंप चालवून दाखवा. तिथला आमचा कार्यकर्ता मान खाली घालून उभा राहिला. ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "त्यो बंद हाय, बाय. होळीपासून. टाकी आमीच भरली, हंड्यांनी. पहाटंपासून."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू पावनी. पावनीला कोरडा नळ दावायचा का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यकर्त्याने मला बाजूला घेतलं. "मॅडम, बंद लिहिलंत तर पाडा यादीतून जाईल. दुरुस्तीचे पैसे चालू पंपांनाच मिळतात."

"आणि चालू लिहिलं, तर दुरुस्ती कशाची मागायची?"

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. इथली विहीर तर खरीच होती, उतारावर बरीच खाली.

निघताना म्हातारीने माझी रिकामी बाटली त्याच नळाखाली भरून दिली. "वाटंत लागंल."

हायवेवर गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, तासभर चाक हललं नाही. मांडीवर फॉर्म. नळाला पाणी येतं का? होय, नाही. दोनच चौकोन. घशाला कोरड पडली होती, पण बाटली उघडायचा धीर होईना. मला माझी आणि माझ्या सरासरीची मनापासून चीड आली.

शेवटी दोन्ही चौकोन मोकळे ठेवले आणि खाली हाताने लिहिलं: पंप बंद आहे, तातडीने दुरुस्त करावा. टाकी बायकांनी विहिरीवरून हंडे वाहून भरली होती. त्यातल्या तीन बादल्या मी ओतल्या.

दोन दिवसांनी फॉर्म माझ्या टेबलावर परत आला. वरच्या साहेबांचा शेरा होता: चौकोन भरायचा राहिला आहे.